पाइप आणि ग्रेप: लिनक्सच्या हुकमी कमांडची कुळकथा

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बोटांत बसलेली एक साखळी आहे: सॉर्ट, युनिक, पुन्हा सॉर्ट आणि शेवटी हेड. वेबसर्व्हरच्या लॉगमधून पत्त्यांचा रकाना ऑक या कमांडने वेगळा काढायचा आणि या साखळीत सोडायचा, की कोणत्या पत्त्यावरून सर्वाधिक विनंत्या आल्या ते लगेच समोर येते. युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखते, म्हणून आधी सॉर्ट लावावे लागते. युनिकला ‘सी’ हा पर्याय दिला की ती प्रत्येक ओळ किती वेळा आली ते मोजते. दुसरे सॉर्ट त्या संख्या उतरत्या क्रमाने लावते.

या साखळीला प्रसिद्धी मिळाली ती १९८६ साली. एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधण्याचा कार्यक्रम डोनाल्ड नूथ यांनी एका संगणकशास्त्रीय मासिकासाठी कित्येक पानांत लिहिला. त्याचे परीक्षण डग्लस मॅकिलरॉय यांच्याकडे होते. त्यांनी नूथ यांच्या कारागिरीचे कौतुक केले आणि तेच काम सहा तयार कमांड एकापुढे एक जोडून करून दाखवले. आजची लॉग मोजण्याची साखळी त्या सहांचीच थेट वंशज आहे.

कमांड जोडण्याची कल्पनाही मॅकिलरॉय यांचीच. ते अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत होते. बागेतल्या नळीला दुसरी नळी जोडावी तसे कार्यक्रम एकमेकांना जोडता यावेत, असे त्यांनी ऑक्टोबर १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते. तेव्हा लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्स या प्रणालीचा जन्मही झालेला नव्हता. पुढे १९७३ साली केन थॉम्पसन यांनी पाइपची सोय युनिक्समध्ये केली. उभ्या रेघेची | ही खूण त्यानंतर थोड्याच काळात आली.

ग्रेपही त्याच वर्षीची. थॉम्पसन यांच्या ‘ईडी’ या संपादकात नमुन्याशी जुळणाऱ्या सर्व ओळी छापण्याचा आदेश होता. त्यांनी तो बाहेर काढून स्वतंत्र कमांड केली. नोव्हेंबर १९७३ च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ती आढळते. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचे केंद्र लिहिले, तेव्हा ग्नू प्रकल्पाने या कमांड नव्याने लिहून मोकळ्या केलेल्या होत्या. त्यामुळे लिनक्सला हा सगळा वारसा आयता मिळाला.

मराठी मजकूर या घराण्यात आला तो दुसऱ्या वाटेने. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये पक्के झाले आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर बरेच काम केले. जगभरच्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोड या मानकातला देवनागरीचा तक्ता त्याच्याच आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतला आहे. तरीही महाराष्ट्रात कित्येक वर्षे छपाईचा मजकूर रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फाँटमध्ये साठवला गेला. अशा फाइलीत ग्रेपला मराठी शब्द सापडणे शक्यच नसते, कारण फाइलीत मराठी अक्षरांचे संकेत नसतातच. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

जुन्या कमांडना नवी लिपी चालली याचे श्रेय युनिकोडचे संकेत बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीला आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्या सोबतीने न्यू जर्सीतल्या एका खानावळीत ती पद्धत आखली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे होते, पण त्यांतला एकही बाइट रोमन अक्षर, तिरकी रेघ किंवा ओळ संपल्याची खूण यांच्याशी जुळत नाही. म्हणून पाइप, ग्रेप आणि फाइलींची नावे देवनागरीसह बिनबोभाट चालतात. ज्या माणसाने ग्रेप केली, त्यानेच तिच्यापर्यंत देवनागरी पोहोचण्याची वाट मोकळी केली, हा या कुळकथेतला फार मोलाचा योग आहे.

तीन बाइटांचा हा हिशेब करूनही पाहता येतो. वाशिम जिल्ह्यातल्या धनज या गावाचे नाव प्रिंटएफने डब्ल्यूसी या मोजणीच्या कमांडकडे पाठवले, तर ‘सी’ हा पर्याय ९ बाइट सांगतो आणि ‘एम’ हा पर्याय ३ चिन्हे. प्रिंटएफऐवजी एको वापरले तर ओळ संपल्याची खूण धरून दोन्ही आकडे एकेकाने वाढतात. ‘वाशिम’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे दिसते. डब्ल्यूसी मात्र काना आणि वेलांटी वेगळी मोजून ५ चिन्हे व १५ बाइट सांगते. नोंदवहीतला रकाना किती रुंद ठेवायचा हे ठरवताना हा फरक विसरून चालत नाही.

या जिल्ह्याचे नाव वाशिम आणि वाशीम असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. ग्रेपच्या नमुन्यात ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी चौकटी कंसात ठेवली की दोन्ही रूपे एकाच शोधात मिळतात. अट एकच: लोकेल, म्हणजे भाषा आणि लिपी ठरवणारी मांडणी, यूटीएफ-८ चे हवे. साध्या ‘सी’ लोकेलमध्ये कंसातला मजकूर सुटे बाइट म्हणून वाचला जातो आणि एकही ओळ हाती लागत नाही. टर्मिनलवर बरोबर चाललेली स्क्रिप्ट रात्री क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून मुकाट्याने रिकामा निकाल देते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. क्रॉन आपल्या कामांना फार तोकडे वातावरण देते. सॉर्टचा निकालही लोकेलवर अवलंबून असतो. ‘सी’ लोकेलमध्ये ती झपाट्याने चालते, पण ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये लावते; मराठी वर्णमालेत त्याची जागा ह च्या पुढे आहे.

खास मराठीच्या अडचणी आणखी बारीक आहेत. ‘शेतकऱ्यांची यादी’ या शब्दांतला ऱ्या दोन प्रकारे साठवलेला आढळतो: एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असते, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ग्रेप त्यांना भिन्न मानते. वकिलांच्या नावाआधीच्या ‘अॅड.’ या खुणेचीही तीच गत. अॅ साठी स्वतंत्र संकेत २००८ मध्ये आला. त्याआधीचा आणि नंतरचाही बराच मजकूर अ आणि चंद्र असा जोडून लिहिलेला आहे. शंका आली तर ती ओळ ओडी या कमांडकडे पाठवावी. ती १९७१ पासून युनिक्समध्ये आहे आणि फाइलीतला बाइट न् बाइट दाखवते. एकदा फरक कळला की नमुन्यात दोन्ही रूपे पर्याय म्हणून देता येतात.

मॅकिलरॉय यांच्या सहा कमांडमधली पहिली, टीआर, मात्र देवनागरीवर चालत नाही. तिचे ग्नू रूप एकेका बाइटावर काम करते आणि मराठी अक्षर मधोमध तोडते. शब्द सुटे करायला तिच्याऐवजी ग्रेपचा ‘ओ’ पर्याय घ्यावा आणि ‘मोकळी जागा सोडून जे काही सलग येईल ते’ असा नमुना द्यावा. पुढची साखळी आहे तशीच चालते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सच्या कमांडवरचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. मराठी नोंदींवर काम करणाऱ्यांनी ते ऐकावेत, आणि आपल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींतच यूटीएफ-८ चे लोकेल स्वतः लिहावे.