स्थानिक पोरगा कुणाला म्हणायचं? अलाबामाच्या फुटबॉलमधला भरतीचा इतिहास

चर्चा प्रतिनिधित्वाची निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, "खेळात कुठे असतं आरक्षण? तिथे फक्त गुणवत्ता चालते. गुण असतील तर दार आपोआप उघडतं." दाखल्यासाठी मग अमेरिकेची एक गोष्ट सांगितली जाते. आम्हीही ती कित्येकदा ऐकली आहे. ती ऐकायला गोड आहे, म्हणूनच तिची नीट तपासणी करायला हवी.

गोष्ट अशी. १२ सप्टेंबर १९७०, अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम शहर, लीजन फील्ड स्टेडियम. एका बाजूला अलाबामा विद्यापीठाचा सगळा गोरा संघ आणि त्याचे दंतकथा बनलेले प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियाचा 'यूएससी'चा संघ, ज्यात काळे आणि गोरे दोन्ही खेळाडू. यूएससीच्या सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने १३५ यार्ड धाव घेतली, दोन टचडाउन केले आणि अलाबामा ४२–२१ असा आपल्याच घरात हरला. गोष्ट सांगणारे म्हणतात की त्या रात्री गोऱ्या प्रेक्षकांचे डोळे उघडले, ब्रायंट यांनी काळ्या मुलांना संघात घेतलं आणि दक्षिणेतला वर्णभेद मैदानावर हरला.

मॅच खरी आहे, आकडे खरे आहेत. पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. तो का खोटा आहे, हे समजायला तिथली भरतीची पद्धत समजून घ्यावी लागेल.

हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. लांबट चेंडू हातात धरून पळायचं, फेकायचं, अंगावर येणाऱ्याला भिडायचं, असा तो खेळ. तिथे कॉलेजच्या संघासाठी मुलं अर्ज करून येत नाहीत. कॉलेजचे प्रशिक्षक स्वतः गावोगावच्या हायस्कुलांत जातात, मॅच बघतात, तिथल्या कोचशी बोलतात, मुलाच्या घरी जाऊन आईबापांसमोर बसतात आणि शिष्यवृत्ती देऊ करतात. फी, राहणं, जेवण सगळं त्यात येतं. गिरणीत किंवा शेतात राबणाऱ्या कुटुंबाच्या मुलासाठी पदवीपर्यंत पोहोचायचा तो कित्येकदा एकमेव रस्ता असतो. म्हणजे कोच कुणाच्या दारात जातो आणि कुणाचं दार टाळून पुढे जातो, हा खेळापुरता प्रश्न राहत नाही. सरकारी विद्यापीठाची संपत्ती कुणाच्या वाट्याला येते, असा तो प्रश्न आहे.

आता अलाबामाचा नकाशा समोर ठेवा. ब्रायंट १९५८ मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक झाले. त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या पार्कर हायस्कूलमधून बक बुकॅनन नावाचा धिप्पाड काळा मुलगा बाहेर पडला. अलाबामा विद्यापीठ तिथून शंभर किलोमीटरच्या आत. पण त्या विद्यापीठाच्या वर्गातच काळ्यांना प्रवेश नव्हता, तर संघात कुठून असणार? बुकॅनन शेजारचं मिसिसिपी राज्य ओलांडून लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या काळ्यांच्या कॉलेजात गेले. पुढे १९६३ मध्ये एएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत त्यांचं नाव सगळ्यांत पहिलं पुकारलं गेलं. मधल्या काळात, १९६१ मध्ये, अलाबामाने कुणाला आणलं? जो नेमथ या गोऱ्या मुलाला, हजार किलोमीटरहून लांब असलेल्या पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्स गावातून. नेमथ मोठे खेळाडू होते, यात वाद नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. हजार किलोमीटरवरचा गोरा मुलगा 'आपला' झाला आणि शेजारच्या शहरातला काळा मुलगा परका ठरला. 'स्थानिक' हा शब्द अंतर मोजत नव्हता, रंग मोजत होता.

या सगळ्या काळात दक्षिणेतल्या गोऱ्या कॉलेजांचं उत्तर ठरलेलं होतं: पात्र काळा खेळाडू मिळतच नाही. वाचकहो, हे वाक्य ओळखीचं वाटलं ना? "पात्र उमेदवार न मिळाल्याने जागा रिक्त" हा शेरा आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो आहोत. पण मिळत नव्हते की शोधत नव्हते?

शोधणारे होते, आणि त्यांना मिळतही होते. ग्रॅम्बलिंगला एडी रॉबिन्सन १९४१ मध्ये प्रशिक्षक झाले आणि १९९७ पर्यंत राहिले. त्यांच्या नावावर ४०८ विजय आहेत आणि त्यांच्या हाताखालून दोनशेहून जास्त खेळाडू व्यावसायिक संघांत गेले. फ्लोरिडा ए अँड एम कॉलेजात जेक गेदर होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण जिंकणारे बॉब हेज हे त्यांचेच फुटबॉल खेळाडू, जॅक्सनव्हिलच्या काळ्यांच्या हायस्कूलमधून आलेले.

या माणसांकडे पैसा नव्हता. दौऱ्यावर वाटेतल्या हॉटेलांत त्यांच्या संघाला जेवायला बसू देत नसत, म्हणून रॉबिन्सन सँडविच करून सोबत न्यायचे. मग त्यांच्याकडे होतं काय? जाळं होतं. काळ्यांच्या हायस्कुलांतले कोच हे बहुतेक काळ्यांच्याच कॉलेजांत शिकलेले होते. गावात चांगला पोरगा दिसला की ते आपल्या जुन्या गुरूला कळवायचे. टेक्सासमध्ये काळ्या शाळांनी १९२० पासून स्वतःची वेगळी स्पर्धा चालवली. शुक्रवारी रात्री स्टेडियम गोऱ्या शाळांचं असे, म्हणून या शाळा बुधवारी, गुरुवारी खेळायच्या. उरलेल्या दिवशी, उरलेल्या साधनांवर त्यांनी एक अख्खी व्यवस्था उभी केली. गुणवत्ता आकाशातून पडली नाही. ती या मास्तरांनी घडवली.

उत्तरेतल्या काही गोऱ्या कॉलेजांनी हे आधी ओळखलं. मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डफी डॉहर्टी दक्षिणेतून काळी मुलं नेऊ लागले. बबा स्मिथ टेक्सासमधल्या बोमाँट गावचे. वडील विली रे स्मिथ तिथल्या काळ्या हायस्कूलचे कोच. पण स्वतःच्या राज्याच्या विद्यापीठाचं दार बंद, म्हणून मुलगा दूर उत्तरेला गेला. १९६६ च्या मिशिगन स्टेट आणि नोटर डेमच्या गाजलेल्या १०–१० बरोबरीत तो मैदानावर होता. त्याच साली टेक्सासमध्ये एसएमयू कॉलेजाने आपल्या विभागाचं विजेतेपद जिंकलं, तेही बोमाँटच्याच जेरी लेव्हायस यांना सोबत घेऊन. त्या विभागात शिष्यवृत्ती मिळालेले ते पहिले काळे खेळाडू. म्हणजे सगळे गोरे ठेवून जिंकता येत नाही, हे कळायला १९७० उजाडायची गरज नव्हती.

मग अलाबामाचं दार कुणी उघडलं? क्रम लक्षात ठेवा.

११ जून १९६३ रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या दारात आडवे उभे राहिले. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोघांना आत नेण्यासाठी केंद्र सरकारला नॅशनल गार्ड वापरावं लागलं. पुढे १९६७ मध्ये पाच काळे विद्यार्थी शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर अलाबामाच्या सरावात उतरले. त्यांपैकी एकालाही अधिकृत सामन्यात खेळायला मिळालं नाही. जुलै १९६९ मध्ये विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने थेट कोर्टात दावा लावला. प्रतिवादी कोण? विद्यापीठ आणि खुद्द बेअर ब्रायंट. आरोप हाच की काळ्या खेळाडूंची भरती जाणूनबुजून केली जात नाही. वकील होते यू. डब्ल्यू. क्लेमन, जे पुढे अलाबामातले पहिले काळे फेडरल न्यायाधीश झाले. ज्या राज्यात ब्रायंट यांचं नाव देवासारखं घेतलं जायचं, तिथे विद्यार्थ्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. हे धाडस कुठल्याही टचडाउनपेक्षा मोठं होतं.

दाव्याला वर्ष व्हायच्या आत ओझार्क गावच्या विल्बर जॅक्सन यांना शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे यूएससीशी मॅच झाली तेव्हा अलाबामाचा पहिला काळा शिष्यवृत्तीधारक खेळाडू कॅम्पसवर आधीच होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो मैदानावर दिसला नाही, इतकंच. आणि त्या रात्री यूएससीकडून धावणारे क्लॅरेन्स डेव्हिस? त्यांचा जन्म बर्मिंगहॅमचा! गावचं पोर परक्यांच्या जर्सीत गावाला हरवून गेलं.

ज्यांनी किंमत मोजली त्यांची नावं त्या गोड गोष्टीत नसतात. अलाबामा ज्या विभागात खेळतो त्या एसईसीमध्ये काळ्या मुलांना पहिल्यांदा घेतलं ते केंटकी विद्यापीठाने: नेट नॉर्थिंग्टन आणि ग्रेग पेज. ऑगस्ट १९६७ मध्ये सरावात पेज यांच्या मानेला जबर इजा झाली आणि २९ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी नॉर्थिंग्टन मैदानात उतरले आणि एसईसीत खेळणारे पहिले काळे खेळाडू ठरले. आपल्या खोलीतल्या जोडीदाराच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी इतिहास घडवणं म्हणजे काय, याचा विचार करा. थोड्याच दिवसांत त्यांनी ते कॉलेज सोडलं. जाताना त्यांनी विल्बर हॅकेट आणि ह्यूस्टन हॉग या दोघा काळ्या सहकाऱ्यांना टिकून राहायला सांगितलं, आणि ते दोघे टिकले.

ब्रायंट यांची बाजू घेणारे म्हणतात की त्यांच्या मनात हे आधीपासून होतं, वॉलेस यांच्या राजकारणाने हात बांधले होते. असेलही. आम्ही कुणाच्या मनात शिरून बघत नाही. पण १९६१, १९६४ आणि १९६५ ची राष्ट्रीय विजेतेपदं सगळ्या गोऱ्या संघाने जिंकली, तोवर हे बांधलेले हात कुणाला खुपले नाहीत. गरज आणि कोर्ट या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच गाठ सुटली. १९७१ मध्ये मोबिलचे जॉन मिचेल अलाबामाकडून खेळले आणि यूएससीला त्यांच्या घरी १७–१० ने हरवलं. १९७२ मध्ये जॉर्जिया, एलएसयू आणि मिसिसिपी हे उरलेले संघही बदलले. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन.

इथे गोष्ट संपते असं सांगितलं जातं. आमच्या मते खरा धडा इथून सुरू होतो.

दार उघडलं, पण किती? हंट्सव्हिलचे काँड्रेज होलोवे हायस्कूलचे चमकते क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा मेंदू. अलाबामा काळ्या क्वार्टरबॅकसाठी अजून तयार नाही, असं ब्रायंट यांनी त्यांना सांगितलं. ते टेनेसीला गेले आणि १९७२ मध्ये एसईसीचे पहिले काळे क्वार्टरबॅक झाले. पळायला काळा चालतो, हुकूम द्यायला चालत नाही. बाळू पालवणकरांची आठवण होते ना? १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारा गोलंदाज, पुण्यात ज्याला चहा पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या कपात मिळायचा आणि ज्याला कप्तानपद कधीच मिळालं नाही.

दुसरी किंमत आणखी मोठी. शाळा एकत्र झाल्या तेव्हा बंद पडल्या त्या बहुतेक काळ्यांच्या शाळा. त्यांचे कोच गोऱ्या कोचच्या हाताखाली गेले किंवा कामालाच मुकले. कित्येक शाळांच्या ट्रॉफ्यासुद्धा उरल्या नाहीत. ग्रॅम्बलिंगसारख्या कॉलेजांकडे येणारी मुलं आता श्रीमंत गोऱ्या विद्यापीठांकडे वळली. पोरं आत घेतली गेली, मास्तर बाहेर राहिले. टस्कलूसा हे अलाबामा विद्यापीठाचं गाव. तिथले सिल्व्हेस्टर क्रूम ब्रायंट यांच्याकडे खेळले, तिथेच सहायक प्रशिक्षक झाले. २००३ मध्ये अलाबामाचं मुख्य प्रशिक्षकपद रिकामं झालं तेव्हा ते दावेदार होते. निवड झाली ती माइक शुला यांची, एका नामांकित प्रशिक्षकाच्या मुलाची. त्याच वर्षअखेरीस मिसिसिपी स्टेटने क्रूम यांना नेमलं. एसईसी सुरू होऊन सत्तर वर्षं झाल्यावर तिथे पहिला काळा मुख्य प्रशिक्षक आला.

आणि कमाई? आज अनेक राज्यांत सरकारी पगारावरची सगळ्यांत महागडी व्यक्ती म्हणजे कॉलेजचा फुटबॉल कोच. खेळाडूंना मात्र दशकानुदशकं 'विद्यार्थी-खेळाडू' म्हणवून पगार नाकारला गेला. हा शब्द १९५० च्या दशकात रुजवला, तोच मुळी इजा झाल्यावर कामगारासारखी भरपाई द्यावी लागू नये म्हणून. स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा खेळाडूंना २०२१ मध्ये मिळाली.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निग्रो अर्जाची प्रत मागवली होती. त्यांना दूरच्या देशाबद्दल हळहळायचं नव्हतं, त्यांच्या लढ्यातून आपल्या उपयोगाचं काय ते घ्यायचं होतं. आपणही तेच करू. पुढच्या वेळी कुणी "गुणवत्तेने दार उघडतं" म्हणालं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. दावा कुणी लावला? गुणवत्ता कुणी घडवली? आणि दार उघडल्यावर किल्ली कुणाच्या खिशात राहिली?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं अलाबामात काळे विद्यार्थी आणि काळे मास्तर अशी आहेत. तिसऱ्याचं उत्तर बदलायला त्यांना आणखी तेहतीस वर्षं लागली. आपल्याकडे त्या किल्लीचा हिशोब अजून मांडायचाच आहे. आपल्या गावातल्या शाळा, क्रीडा संघटना आणि निवड समित्यांपासून सुरुवात करू या: खेळणारे कोण आहेत आणि निवडणारे कोण आहेत, याच्या दोन याद्या करून शेजारी शेजारी ठेवा.