जँगो
जँगो : पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेला एक वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबपृष्ठे तयार करण्याचा सिद्ध आराखडा. डेटाबेसमध्ये अर्थात विदागारात साठविलेल्या नोंदी शोधून त्या वाचकाच्या मागणीनुसार वेबपृष्ठावर मांडणे, हे त्याचे प्रमुख कार्य होय. बेल्जियममध्ये जन्मलेला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट (१९१०–५३) याच्यावरून त्यास हे नाव देण्यात आले. रोमन लिपीतील नावाच्या आद्याक्षराचा उच्चार करीत नाहीत.

पार्श्वभूमी : नोंदींची साठवण व त्यांचे पृष्ठावरील दर्शन यांचा विकास प्रथम स्वतंत्रपणे झाला. आयबीएम कंपनीच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेतील ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक विदागाराची कल्पना मांडली. माहिती ओळी व स्तंभ यांच्या सारण्यांत ठेवावी आणि ती प्रत्यक्षात कशी साठविली आहे याची चिंता वापरणाऱ्यास पडू नये, हे तिचे सार होते. तिच्या आधारे डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेली पृच्छाभाषा पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. टिम बर्नर्झ-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला. परंतु प्रारंभीची बहुतेक पृष्ठे आधीच लिहून ठेवलेल्या अचल फायली होत्या. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत १९९३ मध्ये सीजीआय ही पद्धत पुढे आली. तीमुळे सर्व्हरला दुसरी आज्ञावली चालवून ऐनवेळी पृष्ठ तयार करवून घेता येऊ लागले व हे दोन प्रवाह एकत्र आले. मात्र तीत प्रत्येक मागणीसाठी सामान्यतः नवी प्रक्रिया सुरू करावी लागे. रासमुस लेरडॉर्फ यांच्या पीएचपीमुळे (१९९५) हे काम सुलभ झाले. तथापि पृच्छा, हिशेब व मांडणी एकाच फायलीत मिसळून लिहिण्याची प्रथा पडल्याने मोठ्या संकेतस्थळांची दुरुस्ती जिकिरीची होई.

उदय : जँगोचा जन्म वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेच्या कॅन्झस राज्यातील लॉरेन्स गावच्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकाची संकेतस्थळे सांभाळणारे एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये पीएचपी सोडून पायथनचा स्वीकार केला. ग्विडो व्हॅन रोसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा तिच्या सुवाच्य रचनेसाठी नावाजलेली होती. बातमीदारीच्या धकाधकीत नवी पृष्ठमालिका काही दिवसांत, प्रसंगी काही तासांत उभी करावी लागे. त्यामुळे वारंवार लागणारे भाग वेगळे काढून एक सामायिक आराखडा घडत गेला. पुढे जेकब कॅप्लन-मॉस त्यात सहभागी झाले. जुलै २००५ मध्ये तो बीएसडी परवान्याखाली सर्वांस खुला करण्यात आला. २००८ मध्ये जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन होऊन त्याच वर्षी १.० ही आवृत्ती निघाली.

कार्यपद्धती : जँगोत कामाचे तीन भाग पाडलेले असतात. ‘मॉडेल’ हे विदागारातील एका सारणीचे पायथनमधील रूप असून सारणीतील प्रत्येक ओळ ही एक वस्तू मानली जाते. ‘व्ह्यू’ हा भाग वाचकाची मागणी स्वीकारून योग्य नोंदी निवडतो व त्या ‘टेम्प्लेट’कडे म्हणजे साच्याकडे सोपवितो. साचा नोंदींवरून एकेक करून फिरतो व त्यांचे एचटीएमएल पृष्ठ बनवितो. रचनाकारास आज्ञावलीचे ज्ञान नसले तरी चालावे, म्हणून साच्याची भाषा हेतुतः मर्यादित ठेवली आहे. संपादकांना नोंदी भरता याव्यात यासाठी प्रशासन-पृष्ठे मॉडेलवरून जवळजवळ आपोआप तयार होतात; यातही वृत्तपत्रीय उगमाची खूण दिसते.

पृच्छा तत्काळ विदागाराकडे जात नाही. नोंदींची प्रत्यक्ष गरज भासेल तेव्हाच ती पाठविली जाते. या सोयीत एक धोकाही आहे. शंभर लेखांच्या यादीत प्रत्येकाच्या लेखकाचे नाव दाखविताना बेसावधपणे एकाऐवजी एकशे एक पृच्छा घडू शकतात. त्यावर उपाय म्हणून संबंधित नोंदी एकदम आणण्याची तरतूद करण्यात आली आहे.

सुरक्षितता : बाहेरून आलेला मजकूर जसाच्या तसा पृच्छेत मिसळल्यास हल्लेखोरास विदागार वाचता वा नष्ट करता येते, तसाच तो पृष्ठावर उमटविल्यास वाचकाच्या संगणकावर परकी आज्ञावली चालू शकते. जँगोच्या मॉडेलद्वारे होणाऱ्या पृच्छांत मूल्ये पृच्छेपासून अलग ठेवली जातात. साच्यातील घातक चिन्हे निष्प्रभ करण्याची क्रिया १.० आवृत्तीपासून आपोआप होऊ लागली. सुरक्षितता ही प्रत्येकाच्या दक्षतेवर न सोपविता तिला आराखड्याचा स्वाभाविक नियम बनविणे, हे या बदलाचे महत्त्व होय.

प्रसार व महत्त्व : राजकारण्यांची विधाने पडताळणारे पॉलिटिफॅक्ट हे संकेतस्थळ २००७ मध्ये जँगोवर उभारण्यात आले, त्यासाठी सेंट पीटर्सबर्ग टाइम्स या वृत्तपत्रास २००९ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. तेथे प्रत्येक विधान ही स्वतंत्र नोंद असल्याने एखाद्या नेत्याची सर्व विधाने एकत्र पाहता येतात. विखुरलेल्या वृत्तांतून जे हाती लागत नाही, ते रचित नोंदींतून लागते, याचा हा पुरावा होय. इन्स्टाग्रामनेही (२०१०) आरंभापासून जँगोचा उपयोग केला. आर्मिन रोनाखर यांचा फ्लास्क (२०१०) हा आराखडा याउलट आटोपशीर असून त्यात विदागाराची निवड कार्यक्रमकावर सोपविली आहे. १.० आवृत्तीपूर्वीच जँगोने युनिकोडचा सर्वत्र अवलंब केल्याने देवनागरीतील नोंदीही अडचणीविना दाखविता येऊ लागल्या. त्याच्या अंगभूत भाषांच्या यादीत मराठीचा समावेश आहे.