एका मताने वाचलेला दरवाजा



तट, बुरूज आणि वेशी यांच्या गोष्टी आपण नेहमी लढायांच्या संदर्भात वाचतो. वेढा कोणी दिला, खिंडार कोणी पाडले, दरवाजा आतून कोणी उघडला, अशा त्या गोष्टी असतात. आज ज्या दरवाजाकडे मी तुम्हांला घेऊन जाणार आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या तोफांतून शत्रूवर कधी एक गोळाही सुटला नाही. त्याच्यावर खरे संकट आले ते गावच्याच लोकांकडून. आणि तो वाचला तोही गावच्याच लोकांमुळे, अवघ्या एका मताने.

हा दरवाजा उत्तर जर्मनीतील ल्यूबेक शहरात आहे. त्याचे नाव होल्स्टेनटोर. जर्मन भाषेत ‘टोर’ म्हणजे दरवाजा. होल्स्टाइन प्रांताकडे जाणारा रस्ता येथून बाहेर पडे, म्हणून हे नाव. आपल्याकडे दिल्लीच्या वाटेवरच्या वेशीला दिल्ली दरवाजा म्हणतात, तसाच हा प्रकार.

आधी शहराची थोडी ओळख करून घेऊ. ल्यूबेकची स्थापना 1143 साली झाली. 1226 मध्ये त्याला सम्राटाची सनद मिळाली आणि मधल्या कोणा सरदाराचा अंमल न राहता शहर थेट सम्राटाच्या छत्राखाली आले. जुने गाव ट्रावे नदीच्या पाण्याने वेढलेले आहे. बाल्टिक समुद्रावर व्यापार करणाऱ्या शहरांचा ‘हान्सा’ नावाचा एक संघ होता. ल्यूबेक हे त्याचे प्रमुख शहर. त्या काळी मासळी टिकवायची तर मीठ हवे. ल्यूनेबुर्गचे मीठ ल्यूबेकमध्ये येई आणि तेथून जहाजांनी उत्तरेकडे जाई. दरवाजाशेजारी नदीकाठी मिठाच्या जुन्या वखारींची रांग आजही उभी आहे. हे वैभव तलवारीच्या जोरावर आले नव्हते. ते हिशेब, करार आणि शब्दाची पत यांतून आले होते.

आता आपण प्रत्यक्ष पाहू. रेल्वे स्टेशनावरून जुन्या गावाकडे चालत निघालात की काही मिनिटांतच समोर दोन जाडजूड गोल बुरूज दिसतात. त्यांच्या माथ्यावर सुळक्यासारखी निमुळती छपरे आहेत आणि दोहोंच्या मधोमध कमान आहे. सगळे बांधकाम विटांचे. कारण या सखल प्रदेशात बांधकामाचा दगड दुर्मीळ. समोरच्या हिरवळीच्या कडेला दोन लोखंडी सिंह बसलेले आहेत. त्यांतला एक झोपलेला आहे आणि दुसरा जागा आहे. हे सिंह मात्र दरवाजापेक्षा खूप अलीकडचे.

जरा निरखून पाहा. बुरूज सरळ उभे नाहीत. ते कललेले आहेत. शहराचा बांधकामप्रमुख हिनरिख हेल्मस्टेडे याने 1464 ते 1478 या काळात हा दरवाजा उभारला. जागा दलदलीची होती. भार पडताच जमीन खचू लागली आणि दक्षिणेकडचा बुरूज तर काम चालू असतानाच कलला. पुढे शतकानुशतके इमारत खचतच राहिली. अखेर 1933-34 साली पाया काँक्रीटने पक्का केला, तेव्हा हे खचणे थांबले. खालच्या मजल्यावरील तोफांच्या जंग्या आज जमिनीच्या पातळीखाली गेलेल्या दिसतात.

कमानीतून पलीकडे जा आणि मागे वळून पाहा. ही जणू दुसरीच इमारत वाटते! बाहेरच्या बाजूची भिंत सुमारे साडेतीन मीटर जाड, तिच्यात मोजकीच छिद्रे. शहराकडची भिंत मात्र एक मीटरही जाड नाही, आणि तिच्यात खिडक्यांच्या रांगाच रांगा. शहराच्या बाजूने हल्ल्याची भीती नव्हती हे तर उघडच आहे. शिवाय बुरूज शत्रूच्या हाती पडलाच, तर शहराकडून तोफा डागून तो लवकर पाडता यावा, असाही हिशेब यामागे असावा. रक्षणासाठी उभारलेली ताकद उद्या आपल्यावरच उलटली तर काय, हा विचार त्या व्यापाऱ्यांनी करून ठेवला होता.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत अशा तटांचा उपयोग संपला होता. या रस्त्यावर एकामागे एक असे चार दरवाजे होते. त्यांतले दोन आधीच पाडले गेले होते. 1851 साली रेल्वे आली आणि तिच्या सोयीसाठी 1853 मध्ये 1585 सालचा एक देखणा दरवाजाही पाडण्यात आला. उरला तो हा एकच. तोही मोडकळीस आलेला, गाडीरस्त्यात अडथळा करणारा. 1855 मध्ये 683 नागरिकांनी सह्यांचा अर्ज करून तो पाडून टाकण्याची मागणी केली. ही मंडळी वाईट होती असे समजू नका. त्यांना रुंद रस्ता हवा होता, व्यापार हवा होता आणि निरुपयोगी इमारतीवरचा खर्च नको होता. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते की, हा दरवाजा गेला तर आपण कोण होतो हे मुलांना दाखवायचे कशावरून?

हा वाद काही वर्षे चालला. शेवटी 1863 मध्ये नागरिकांच्या प्रतिनिधी-सभेत मतदान झाले. दरवाजा राखून त्याची दुरुस्ती करावी हा पक्ष जिंकला, पण केवळ एका मताने! त्या दिवशी एखादा सभासद घरी बसला असता, तर आज तेथे मोकळा चौक दिसला असता.

हे वारे केवळ जर्मनीत वाहत नव्हते. त्याच सुमारास आपल्या मुंबईत किल्ल्याचा तट पाडण्याचे काम चालू होते. चर्चगेट हे नाव आपण रोज घेतो. पण ते ज्या दरवाजाचे नाव होते, तो मात्र राहिला नाही.

होल्स्टेनटोरची दुरुस्ती 1871 साली पुरी झाली. तेव्हा बाहेरच्या बाजूस सोनेरी अक्षरांत चार लॅटिन शब्द कोरले गेले: ‘कॉन्कॉर्डिया डोमी फोरिस पाक्स’, म्हणजे घरात एकोपा, बाहेर शांतता. असाच मजकूर पूर्वी 1585 च्या त्या पाडलेल्या दरवाजावर होता. दरवाजा गेला, पण त्याचे बोल लोकांनी जपले. शहराकडच्या बाजूस 1477 आणि 1871 ही साले आहेत. त्यांतले पहिले साल एका वर्षाने चुकलेले आहे आणि ते तसेच राहिले आहे!

पण मित्रांनो, चांगले शब्द भिंतीवर लिहिले म्हणजे ते मनात उतरतातच असे नाही. 1934 साली नाझी राजवटीत याच दरवाजात शौर्य आणि गौरवाचे प्रदर्शन मांडले गेले. घरातला एकोपा म्हणजे शेजाऱ्याला घराबाहेर काढणे, असा उलटा अर्थ तेव्हा सर्व देशात लावला जात होता. पुढे युद्ध आले. 28 मार्च 1942 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ल्यूबेकवर बॉम्बफेक केली आणि जुन्या गावाचा मोठा भाग जळाला. सेंट मेरी चर्चच्या घंटा मनोऱ्यातून कोसळून फुटल्या. त्या घंटा लोकांनी उचलल्या नाहीत. जेथे पडल्या तेथेच आठवण म्हणून ठेवल्या आहेत. होल्स्टेनटोर मात्र वाचला.

1950 पासून त्यात शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. पश्चिम जर्मनीच्या पन्नास मार्कांच्या नोटेवर या दरवाजाचे चित्र छापले गेले आणि 2006 साली दोन युरोच्या नाण्यावरही ते आले. 1987 मध्ये ल्यूबेकच्या जुन्या गावाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. ज्याला एकेकाळी अडगळ म्हटले, तोच आज शहराचा चेहरा झाला आहे.

मग आपण यातून काय घ्यावे? पालकांनो, ‘माझ्या एकट्याच्या मताने काय होणार?’ असे मुलांसमोर म्हणण्यापूर्वी 1863 ची ती सभा आठवा. आणि विद्यार्थ्यांनो, त्या सभेत हात वर करणाऱ्याला आपल्या गावचा इतिहास ठाऊक असणे किती गरजेचे होते, हेही ध्यानात घ्या. ज्याला माहिती नाही, त्याला जुनी भिंत म्हणजे नुसत्या विटाच दिसणार. तुमच्या गावातही एखादी वेस, विहीर, हमामखाना किंवा जुनी शाळा असेल. ती कोणी बांधली, कधी बांधली आणि कशासाठी, हे या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. तिच्याविषयी उद्या गावात प्रश्न निघेल, तेव्हा तुमच्यापाशी मत असेल आणि त्या मताला आधारही असेल.