परक्या गावातले घरचे मैदान

युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च बास्केटबॉल स्पर्धेला १९५८ मध्ये आरंभ झाला. तिच्या विजेत्यांची यादी वाचत गेले असता एका देशाच्या नोंदी थोड्याच काळात दाटीने येतात आणि तितक्याच अचानक थांबतात. १९७९ : बोस्ना, सारायेव्हो. १९८५ आणि १९८६ : त्सिबोना, झाग्रेब. १९८९, १९९० आणि १९९१ : स्प्लिट. १९९२ : पार्टिझान, बेलग्रेड. सात विजेतेपदे, चार शहरे आणि सर्वांपुढे देशाचे नाव एकच, युगोस्लाव्हिया. १९९२ नंतर हे नाव त्या यादीत पुन्हा येत नाही. या नोंदी म्हणजे एका मोडलेल्या देशाचा अतिसंक्षिप्त इतिहासच होय, असे आम्हाला वाटते. त्यातली शेवटची नोंद ज्या हंगामाची आहे त्या १९९१-९२ च्या हंगामाविषयी येथे लिहावयाचे आहे.

क्रीडाप्रेमींच्या स्मरणात हा हंगाम एका फेकीच्या रूपाने उरला आहे. बेघर झालेला तरुण संघ, नवखा प्रशिक्षक, अखेरच्या क्षणी टाकलेला चेंडू आणि एका गुणाने मिळालेला विजय. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. तथापि ती जशी सांगितली जाते तीत युद्ध हे केवळ मागचा पडदा म्हणून येते. पडदा पुढे ओढून पाहिला तर गोष्ट बदलते का, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम त्या देशातील या खेळाच्या परंपरेविषयी. अलेक्सांदार निकोलिच यांना युगोस्लाव्ह बास्केटबॉलचे जनक मानले जाते. त्यांचा जन्म सारायेव्होचा, कर्मभूमी बेलग्रेड. इटलीतील वारेझे संघाला त्यांनी तीनदा युरोपचे विजेतेपद मिळवून दिले आणि १९७८ मध्ये युगोस्लाव्हियाला जगज्जेते केले. त्यांच्या पठडीत प्रशिक्षकांच्या पिढ्या घडल्या आणि त्या प्रजासत्ताकांच्या सीमा न मानता सर्वत्र पसरल्या. एका गावचा खेळाडू दुसऱ्या गावच्या क्लबात जाई, तिसऱ्या गावचा प्रशिक्षक त्याला घडवी. राष्ट्रीय संघात सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, बोस्नियाक असे सर्व असत. देशाची एकात्मता अन्यत्र कितीही पोकळ ठरली असो, या पठडीत ती प्रत्यक्ष कामातून उभी राहिली होती.

ती मोडताना दिसली तीही मैदानावरच. जून १९९१ मध्ये रोम येथे युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा चालू होती. २५ जून रोजी स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य घोषित केले. संघातील स्लोव्हेन खेळाडू युरी झ्दोव्ह्त्स याला त्याच्या सरकारचा निरोप आला, आणि उपांत्य सामन्यापूर्वी तो संघ सोडून गेला. उरलेल्यांनी अंतिम सामन्यात यजमान इटलीला हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या उन्हाळ्यानंतर हा संघ त्या स्वरूपात पुन्हा एकत्र आला नाही.

शरद ऋतूत क्लबांचा नवा हंगाम सुरू झाला तेव्हा क्रोएशियात युद्ध पेटलेले होते. त्या वर्षी स्पर्धेची रचना बदलली होती. आता एका देशाचे एकाहून अधिक क्लब तीत खेळू शकत होते आणि प्रारंभी दोन गटांत साखळी सामने व्हावयाचे होते. युगोस्लाव्हियाचे तीन क्लब पात्र होते : गतविजेता स्प्लिट, झाग्रेबचा त्सिबोना आणि बेलग्रेडचा पार्टिझान. साखळी सामन्यांचा पाया म्हणजे एक सामना आपल्या गावी आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या गावी. परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव या तिघांनाही त्यांचे घरचे सामने देशाबाहेर खेळावयास सांगण्यात आले. तिघांनीही आश्रय घेतला तो स्पेनमध्येच. स्प्लिटचा क्लब ला कोरुन्या येथे गेला, त्सिबोना दक्षिणेकडील पुएर्तो रेआल येथे आणि पार्टिझान माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा येथे. आपल्या देशात ज्यांचे लोक परस्परांविरुद्ध शस्त्रे घेऊन उभे होते, ते तीन संघ एकाच परक्या देशाचे पाहुणे झाले. एकाच आगीने तिघांनाही बाहेर काढले होते. मात्र ती आग तिघांच्या घरांना सारखी लागलेली नव्हती, हे पुढे ध्यानात ठेवावे लागेल.

फुएनलाब्रादा हे माद्रिदच्या दक्षिणेस असलेले कामकरी वस्तीचे शहर. १९७० नंतरच्या दोन दशकांत ते झपाट्याने वाढले, आणि वाढले ते बाहेरून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनी. तेथील क्रीडागृहाला फेर्नान्दो मार्तिन याचे नाव आहे. अमेरिकेतील एन.बी.ए.मध्ये खेळलेला हा पहिला स्पॅनिश खेळाडू १९८९ मध्ये मोटार अपघातात मरण पावला होता. या गावाला स्वतःचा म्हणावा असा बडा संघ तेव्हा नव्हता, आणि पार्टिझानला गाव नव्हते. दोघांची गरज जुळली. पार्टिझानच्या गटात बादालोनाचा जुवेंतुत आणि माद्रिदचा एस्तुदियांतेस हे दोन स्पॅनिश क्लबही होते. तरीही फुएनलाब्रादाचे प्रेक्षक या सर्बियन संघाला आपला मानून ओरडत राहिले. 'फुएनलाब्रादाचा पार्टिझान' असे नावही लोकांनी त्याला दिले.

घरचे मैदान म्हणजे काय, याचे एक उत्तर येथे मिळते. नियमपुस्तिकेत ते एक ठिकाण असते. व्यवहारात मात्र माणसे ते घडवतात. जी माणसे स्वतः कधीतरी परक्या गावात येऊन राहिली होती त्यांनी आणखी एका परक्या समूहाला जागा दिली.

संघ तरुण होता. अलेक्सांदार जॉर्जेविच चोवीस वर्षांचा, प्रेद्राग दानिलोविच अंतिम सामन्याच्या वेळी बावीस वर्षांचा, उंच झेल्को रेब्राचा नुकता विशीत आलेला. संघात रिएकाचा इव्हो नाकिच हा क्रोएट खेळाडूही होता, आणि तो युद्धाच्या त्या वर्षीही बेलग्रेडच्या संघात राहिला. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच हा १९९१ च्या उन्हाळ्यापर्यंत स्वतः याच क्लबाकडून खेळत होता. वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो थेट प्रशिक्षक झाला. त्याच्या पाठीशी सल्लागार म्हणून वृद्ध निकोलिच होते. म्हणजे या संघाच्या मुळाशी सारायेव्होत जन्मलेल्या माणसाची विद्या होती. आणि दानिलोविच, तोही सारायेव्होत जन्मलेला.

साखळीत पार्टिझान चौथा आला. उपउपांत्य फेरीत बोलोन्याच्या क्नोर संघाशी तीन सामन्यांची लढत होती. त्यातील पहिला सामना बेलग्रेड येथे खेळण्याची परवानगी मिळाली. या स्पर्धेत त्या संपूर्ण हंगामात आपल्या शहरात खेळलेला त्यांचा हा एकमेव सामना. तो त्यांनी जिंकला, दुसरा गमावला आणि बोलोन्यातच झालेला तिसरा जिंकून ते अंतिम चार संघांत पोहोचले.

अंतिम चौघांचे सामने एप्रिलमध्ये इस्तंबूल येथे झाले. त्या महिन्यातील घटना क्रमाने मांडल्या पाहिजेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सारायेव्होचा वेढा सुरू झाला. ६ एप्रिल रोजी युरोपीय समुदायाने बोस्नियाच्या स्वातंत्र्यास मान्यता दिली. १६ एप्रिल रोजी पार्टिझान आणि जुवेंतुत अंतिम सामन्यासाठी समोरासमोर आले. उपांत्य फेरीत पार्टिझानने मिलानच्या फिलिप्स संघाला आणि जुवेंतुतने एस्तुदियांतेसला हरवले होते.

सामना अखेरपर्यंत अटीतटीचा झाला. काही सेकंद उरले असता तोमास जोफ्रेसाने बास्केट करून जुवेंतुतला ७०-६८ असे पुढे नेले. चेंडू लगोलग जॉर्जेविचच्या हाती आला. तो उजव्या अंगाने धावत गेला आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून, तोल पुरता सावरलेला नसताना, त्याने चेंडू फेकला. ७१-७०. अंतिम चौघांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून दानिलोविचची निवड झाली. त्याचे जन्मगाव त्या वेळी तोफांच्या माऱ्यात होते.

लोकप्रिय गोष्ट येथे संपते. इतिहास पुढे जातो. २७ एप्रिल रोजी सर्बिया आणि माँटेनेग्रो यांनी मिळून नवे संघराज्य घोषित केले. म्हणजे ज्या देशाच्या नावावर हे विजेतेपद लिहिले गेले तो देश विजयानंतर अकराव्या दिवशी बेलग्रेडच्या लेखीही उरला नाही. ३० मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ७५७ संमत करून या नव्या राष्ट्रावर निर्बंध लादले, आणि त्यांत क्रीडास्पर्धांचाही समावेश होता. फुटबॉलच्या युरोपीय स्पर्धेतून त्यांच्या संघाला वगळण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली, हे सर्वश्रुत आहे. पार्टिझानला आपला मुकुट राखण्यासाठी पुढील हंगामात उतरताच आले नाही. जॉर्जेविच मिलानला गेला, दानिलोविच बोलोन्याला. ज्यांना हरवून ते विजेते झाले होते त्याच क्लबांनी त्यांना घेतले. ओब्रादोविच पुढे जुवेंतुतचा प्रशिक्षक झाला आणि १९९४ मध्ये त्याने त्याच क्लबाला युरोपचे विजेतेपद मिळवून दिले. प्रशिक्षक म्हणून त्याने ही स्पर्धा एकूण नऊ वेळा जिंकली. त्यांपैकी नववे विजेतेपद २०१७ मध्ये पुन्हा इस्तंबूललाच मिळाले.

आता 'बेघर संघ' या शब्दाकडे वळू. पार्टिझान बेघर झाला म्हणजे त्याचे घरचे सामने दुसरीकडे झाले. त्याचे शहर जागेवर होते आणि खेळाडू सामना संपला की तेथे परतत होते. त्याच शरद ऋतूत दुब्रोव्निकला वेढा पडला आणि नोव्हेंबरमध्ये वुकोव्हार पडले. तेथील हजारो माणसांचे घर ही वस्तूच नाहीशी झाली. या शहरांवर चालून गेलेले सैन्य युगोस्लाव्ह लोकसेनेचे होते. आणि पार्टिझान या क्रीडासंस्थेची स्थापना १९४५ मध्ये झाली ती याच सैन्याच्या छत्राखाली. तिचे नावही फॅसिस्टांशी लढलेल्या गनिमी सैनिकांवरून ठेवलेले. तेव्हा एकाच शब्दाने दोन्ही बेघरपणांचा उल्लेख करणे आम्हाला मान्य नाही.

याचा अर्थ खेळाडूंना दोषी ठरवावे असा नव्हे. विशीतल्या मुलांनी वुकोव्हारवर तोफा डागल्या नव्हत्या. नाकिचसारखा क्रोएट त्यांच्यात होता हेही विसरता येत नाही. मग मे महिन्यातील बंदी अन्यायाची होती काय? येथे आपल्या स्मरणातील एक घटना उपयोगी पडते. १० नोव्हेंबर १९९१ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ दीर्घ बहिष्कारानंतर पुन्हा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्या बहिष्कारातही कित्येक निर्दोष खेळाडूंची उमेदीची वर्षे वाया गेली होती, आणि तरीही तो योग्य होता असे आपल्याकडे बहुतेकांचे मत होते. एका देशाचा बहिष्कार संपत असता दुसऱ्याचा जवळ येत होता. 'खेळात राजकारण आणू नये' हे वाक्य सोयीचे असते, एवढेच. विजयाची मिरवणूक निघते तेव्हा राज्यकर्ते ते सोडून देतात. जे राज्य खेळाडूच्या यशाचे श्रेय घेते त्याच्या कृत्यांची किंमत खेळाडूलाही काही अंशी मोजावी लागते. हे न्याय्य आहे असे आम्ही म्हणत नाही. हे टळत नाही, एवढेच म्हणतो.

पुढील वर्षांनी या यादीतील शहरांचे नाते स्पष्ट केले. १९७९ चा नायक मिर्झा देलिबाशिच वेढ्यातील सारायेव्होतच राहिला. १९९३ मध्ये त्या वेढ्यातून बाहेर पडलेला बोस्नियाचा संघ जर्मनीतील युरोपीय स्पर्धेत खेळला तेव्हा तोच त्यांचा प्रशिक्षक होता. निर्बंध सैल झाल्यावर १९९५ मध्ये अथेन्स येथे बेलग्रेडचे राष्ट्र पुन्हा उतरले आणि जिंकले. अंतिम सामन्यात जॉर्जेविचने ४१ गुण केले. कांस्यपदक मिळवलेले क्रोएट खेळाडू विजेत्यांचे राष्ट्रगीत होण्यापूर्वी मंचावरून उतरून निघून गेले. चार वर्षांपूर्वी रोममध्ये त्यांच्यापैकी काही जण याच मंडळींसह एका संघात होते.

बेलग्रेडच्या 'पायोनियर' सभागृहाला २०१६ मध्ये अलेक्सांदार निकोलिच यांचे नाव देण्यात आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल आणि गाझा येथे युद्ध पेटले तेव्हा याच स्पर्धेतील मक्काबी तेल अवीव या क्लबाला आपले घरचे सामने परदेशी न्यावे लागले. ते सामने झाले बेलग्रेडमध्ये, निकोलिच यांच्या नावाच्या याच क्रीडागृहात. त्याआधी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाच्या क्लबांना स्पर्धेतून निलंबित करण्यात आले होते. म्हणजे १९९१-९२ चा प्रश्न त्या एका हंगामापुरता नव्हता. कोणाला परकी जागा मिळावी आणि कोणाला दार बंद व्हावे, हे ठरवणाऱ्यांना तो पुनःपुन्हा सोडवावा लागतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर सारखे येत नाही.

म्हणून जॉर्जेविचची ती फेक पाहताना आनंद अवश्य व्हावा. तिच्यातील कौशल्य कोणत्याही राज्याच्या मालकीचे नाही. परंतु त्या विजेतेपदाचे श्रेय वाटावयाचे झाल्यास त्यात बेलग्रेडबरोबर फुएनलाब्रादाच्या प्रेक्षकांचा वाटा असावा, आणि ज्या सारायेव्होने तो सल्लागार आणि तो सर्वोत्तम खेळाडू दिला त्या शहराचाही. अधिकृत यादीत तेथे 'युगोस्लाव्हिया' असे लिहिलेले आहे. त्या शब्दाचा खरा अर्थ एवढाच उरला आहे.