वादळाचे कागद आणि कॅप्टन क्वीग

१९ नोव्हेंबर १९५५ रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने ‘फोर्ड स्टार ज्युबिली’ या मालिकेत हर्मन वूकचे ‘द केन म्यूटिनी कोर्ट-मार्शल’ हे नाटक दाखवले. याच कथेवरच्या आदल्या वर्षीच्या चित्रपटात खवळलेला समुद्र दिसला होता. इथे लाट नाही की जहाज नाही; वादळ आहे ते फक्त साक्षीदारांच्या तोंडी. लॉइड नोलन १९५४ मध्ये ब्रॉडवेवर कॅप्टन क्वीगची भूमिका उभी करून आलेला होता, दिग्दर्शक फ्रँकलिन शॅफनर स्वतः युद्धकाळी नौदलात होता. पुढल्या वर्षी दोघांनाही एमी मिळाले.

नाटकातल्या तारखा मात्र नीट पाहाव्यात. लेफ्टनंट मॅरिकने वादळात कॅप्टन क्वीगच्या हातून ‘केन’ या जहाजाचा ताबा घेतला तो १८ डिसेंबर १९४४ रोजी. त्याबद्दल मॅरिकवर खटला उभा राहतो फेब्रुवारी १९४५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. ‘केन’ काल्पनिक, पण त्या दिवसाचे वादळ खरे. फिलिपाइन्सच्या पूर्वेला ॲडमिरल हॉल्सीच्या तिसऱ्या आरमाराला त्याने गाठले. हल, स्पेन्स आणि मोनॅहन या तीन विनाशिका बुडाल्या, सुमारे ७९० माणसे गेली. उलिथीच्या तळावर चौकशी बसली आणि १३ फेब्रुवारी १९४५ रोजी ॲडमिरल निमित्झने पॅसिफिक ताफ्याला गोपनीय पत्र धाडले. आपल्या जहाजाच्या सुरक्षिततेची जबाबदारी शेवटी कप्तानाचीच, आणि वेळ पडली तर ताफ्यातली जागा सोडूनही जहाज वाचवावे, असा त्याचा आशय.

क्वीगचा हट्ट नेमका याच्या उलट होता: ताफ्याचा मार्ग सोडायचा नाही. पत्र कनिष्ठाला ताबा घेण्याची मुभा देत नाही, हे खरे. मॅरिकचा आधार वेगळा, नौदल नियमावलीतले कलम १८४, आणि तेही अगदी अपवादात्मक परिस्थितीसाठी. तरीही क्वीगच्या निर्णयाचा न्याय नौकानयनाच्या कसोटीवर करता आला असता. बचावाचा वकील ग्रीनवाल्ड त्या वाटेवर फार रेंगाळत नाही. तो क्वीगच्या मज्जातंतूंवर घाव घालतो: स्ट्रॉबेरीची चोरी, पिवळ्या रंगाचा डाग, हातात फिरणाऱ्या पोलादी गोळ्या. मॅरिक सुटतो, क्वीगची अब्रू जाते. मग विजयाच्या मेजवानीत ग्रीनवाल्डच क्वीगची बाजू घेतो, कारण, तो म्हणतो, युद्धापूर्वी आम्ही मुलकी कपड्यांत होतो तेव्हा पहाऱ्यावर असेच लोक उभे होते.

मला हे शेवटचे भाषण पटत नाही. युद्धापूर्वीची नोकरी हा मान देण्याजोगा पुरावा आहे, पण १८ डिसेंबरच्या सकाळी घेतलेल्या निर्णयाबद्दल तो काहीच सांगत नाही. खऱ्या चौकशीने निदान हा घोळ केला नाही. तिने जबाबदारीचा मुख्य भार हॉल्सीवर टाकला; मात्र चूक युद्धाच्या ताणाखाली झालेली, निर्णयातली मानली. त्याला शिक्षा झाली नाही. डिसेंबर १९४५ मध्ये तो फ्लीट ॲडमिरल झाला.