कृत्रिम बुद्धिमत्ता विद्यापीठ कृती दल, महाराष्ट्र

कृत्रिम बुद्धिमत्ता विद्यापीठ कृती दल : कृत्रिम बुद्धिमत्तेला वाहिलेले स्वतंत्र विद्यापीठ राज्यात कसे उभारावे, यावर सल्ला देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने मार्च 2025 मध्ये नेमलेला गट. मंत्रालयात आणि वर्तमानपत्रांत त्याला ‘टास्क फोर्स’च म्हणतात. त्याची घोषणा माहिती तंत्रज्ञान मंत्री आशिष शेलार यांनी केली. मुंबई उपनगर जिल्ह्याचे पालकमंत्रीही तेच. हा योगायोग असला तरी बोलका आहे, कारण दलाला लागणारे बरेचसे ज्ञान याच जिल्ह्यात, पवईच्या तलावाकाठी, आधीपासून नांदते आहे.

दलाचे अध्यक्षपद माहिती तंत्रज्ञान विभागाच्या प्रधान सचिवांकडे आहे. आयआयटी मुंबई आणि आयआयएम मुंबई यांचे संचालक सदस्य आहेत. गूगल इंडिया, महिंद्र समूह, लार्सन अँड टुब्रो यांच्या प्रतिनिधींना स्थान मिळाले, तसेच केंद्राचे इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल यांनाही. यांपैकी 1958 मध्ये स्थापन झालेली आयआयटी पवईत आहे. आयआयएम तिची शेजारीण. 1963 मध्ये स्थापन झालेली ही संस्था 2023 पर्यंत ‘नीटी’ म्हणून ओळखली जाई आणि जुने पवईकर अजून तेच नाव घेतात.

असे दल कायद्याने जन्माला येत नाही. विभाग शासन निर्णय काढतो, त्यात सदस्यांची नावे किंवा पदे आणि कार्यकक्षा ठरते, बैठका होतात, शिफारशी विभागाकडे जातात. त्या मानण्याचे बंधन शासनावर नसते. म्हणून अशा गटाचे वजन जोखायचे तर सदस्यांच्या यादीआधी कार्यकक्षा वाचावी. येथे आणखी एक टप्पा आहे. राज्य विद्यापीठ स्थापन होते ते विधिमंडळाच्या अधिनियमाने, आणि अभिमत दर्जा हवा असेल तर 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाची वाट धरावी लागते. सल्ला कितीही चांगला असला, तरी तो आणि पहिला वर्ग यांच्यामध्ये ही पायरी उभी असते. ‘देशातील पहिले एआय विद्यापीठ’ या मथळ्यांत ती सहसा दिसली नाही.

राज्याने या विषयावर नेमलेले हे एकच मंडळ नव्हे. त्याच वर्षी सर्वसाधारण एआय धोरणाच्या मसुद्यासाठीही कृती दल नेमण्यात आले. कृषी खात्याने मात्र आपली वाट वेगळी ठेवली. 2025 ते 2029 या काळासाठीचे ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंत्रिमंडळाने 17 जून 2025 रोजी मंजूर केले आणि पहिल्या 3 वर्षांसाठी 500 कोटी रुपये ठेवले. पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही शासकीय कंपनी 2024 मध्येच नागपुरात निघाली होती. म्हणजे महाराष्ट्रात एका खात्याने आधी कंपनी काढली, दुसऱ्याने आधी पैसा ठेवला, आणि विद्यापीठापुरती सुरुवात सल्ल्यापासून झाली.

बाहेर पाहिले तर अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने 2018 मध्ये विधिमंडळाच्या कायद्यानेच एआय कृती दल स्थापले. भारतात केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने 2017 मध्ये मद्रास आयआयटीचे व्ही. कामकोटी यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले होते. तुलनेला सर्वांत उपयोगी उदाहरण मात्र पवईचेच आहे. रिझर्व्ह बँकेने वित्तक्षेत्रातील एआयच्या जबाबदार वापरासाठी डिसेंबर 2024 मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य. ऑगस्ट 2025 मध्ये अहवाल आला. त्यात 7 सूत्रे आणि 26 शिफारशी होत्या, आणि तो कोणालाही वाचता येईल असा खुला ठेवण्यात आला. कोणती शिफारस उचलली आणि कोणती वगळली, हे आता नागरिकाला ताडून पाहता येते.

भट्टाचार्यांच्या भाषातंत्रज्ञान केंद्रात मराठी शब्दजालाचे, म्हणजे शब्दांना अर्थसंबंधांनी जोडणाऱ्या संगणकीय कोशाचे, काम झाले आहे. मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्यानंतर उभ्या राहणाऱ्या राज्याच्या एआय विद्यापीठात मराठीची सामग्री किती असेल, हा प्रश्न पवईच्या सदस्यांना परका नसावा.

उपनगरांतील संगणक-संशोधनाच्या परंपरेची मुळे मात्र जुनी आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून 1985 मध्ये निघालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र जुहूच्या गुलमोहर रस्त्याच्या परिसरात, अंधेरी तालुक्यात होते. श्रीनिवासन रमणी त्याचे संचालक. ज्ञानाधारित संगणकप्रणाली आणि भाषांतर यंत्रणा यांवर तेथे काम चाले, आणि ‘.इन’ या भारतीय इंटरनेट पत्त्यांची नोंदही बरीच वर्षे तेथूनच होई. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जुहू आणि पवई ईमेलने जोडले गेले ते याच केंद्रामुळे. कालिनाच्या विद्यापीठ परिसरात फेब्रुवारी 2018 मध्ये वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेचे उद्घाटन झाले, तेव्हा जुहूचे केंद्र सी-डॅक या शासकीय संगणक-संशोधन संस्थेत विलीन होऊन दीड दशक उलटले होते.