हा धंदा मुळात एमबीएवाल्यांचा नव्हताच

1885 साली बोस्टनमध्ये फ्रँक गिलब्रेथ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा गवंड्यांच्या हाताखाली कामाला लागला. एमआयटीची प्रवेश परीक्षा तो पास झाला होता, पण कॉलेजला गेला नाही. कामावर त्याला एक गंमत दिसली. वीट कशी लावायची हे प्रत्येक गवंडी वेगळंच शिकवायचा. आणि तोच गवंडी घाईत असला की शिकवलेलं सोडून तिसऱ्याच पद्धतीने हात चालवायचा.

मग फ्रँक मोजत बसला. एका विटेमागे गवंड्याच्या 18 हालचाली होत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या वाकण्यात जात होत्या. त्याने भिंतीबरोबर वर सरकवता येईल अशी परांची केली. बिगाऱ्यांनी विटा आधीच चांगली बाजू बघून नीट रचून द्यायच्या, असं ठरवलं. माल इतका बेताचा कालवायला लावला की थापीने वीट ठोकत बसावं लागू नये. फ्रेडरिक टेलरने 1911 च्या आपल्या पुस्तकात याचे आकडे दिलेत: 18 हालचालींच्या 5 झाल्या, तासाला 120 विटांच्या जागी 350. आज ‘प्रोसेस ऑप्टिमायझेशन’ म्हणून स्लाईडवर जे येतं, ते हेच. हा टेलर हार्वर्डची प्रवेश परीक्षा पास होऊनही कारखान्यात उमेदवारी करायला गेलेला. पदवी त्याने पुढे नोकरी करता करता घेतली आणि 1893 पासून ‘कन्सल्टिंग इंजिनियर’ म्हणून स्वतंत्र काम सुरू केलं.

हे सगळं मी शोधत बसलो, कारण माझे वडील गवंडी आहेत आणि मी इतिहासात एमए केलंय. कन्सल्टिंगमधल्या नोकरीसाठी जिथे जिथे अर्ज केला, तिथे ‘तुमचं बॅकग्राउंड जरा वेगळं आहे’ हे वाक्य ऐकलं. वेगळं म्हणजे कशापेक्षा, हा माझा प्रश्न होता.

अण्णांना मी 18 हालचालींची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खरं आहे त्याचं. आमची कंबर माल कालवून जात नाही, वाकून जाते. पण तिप्पट विटा लागल्या तर मजुरी तिप्पट झाली का रे?” झाली नाही. टेलरच्या हिशेबातसुद्धा मजुराला थोडी वाढ आणि बाकीचा फायदा मालकाला. शार्ल बेडो हा माणूस तर कॉलेजचं तोंडही न बघता फ्रान्समधून अमेरिकेत आला आणि नदीखालच्या बोगद्यात मजुरी केली. 1916 मध्ये त्याने स्वतःची सल्लागार कंपनी काढली. कामगाराचं काम मिनिटाच्या एककात मोजण्याची त्याची पद्धत देशोदेशी गेली, आणि तिच्याविरुद्ध 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये संप झाले. बॅकग्राउंड वेगळं असलं म्हणजे माणूस खालच्यांच्या बाजूने उभा राहतोच असं नाही. मला हे पचायला जड गेलं, पण आहे ते असं आहे.

खरी लढाई फ्रँकच्या बायकोची. लिलियन गिलब्रेथचा कॅलिफोर्निया विद्यापीठातला प्रबंध पूर्ण झाला होता, पण निवासाच्या नियमावर बोट ठेवून पदवी नाकारली गेली. तोच प्रबंध 1914 मध्ये पुस्तक म्हणून आला तेव्हा कव्हरवर फक्त ‘एल. एम. गिलब्रेथ’ होतं, बाईचं नाव दिसू नये म्हणून. डॉक्टरेट तिने 1915 मध्ये दुसऱ्या विद्यापीठातून मिळवली. 1924 मध्ये फ्रँक अचानक गेला. घरात अकरा मुलं, आणि बऱ्याच कारखान्यांनी करार पुढे चालू ठेवले नाहीत. बाई कारखान्याला काय सल्ला देणार! मग तिने घरातच व्यवस्थापनाचे वर्ग घेतले. स्वयंपाकघराकडे वळली आणि ओटा, शेगडी, कपाटं यांच्यामध्ये बाईला किती पावलं चालावं लागतं ते मोजलं. जॉन्सन अँड जॉन्सनसाठी 1927 मध्ये तिने सॅनिटरी पॅडचा अभ्यास केला, तोही थेट बायकांनाच प्रश्न विचारून. 1935 मध्ये ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनियरिंगने 1965 मध्ये पहिली महिला सदस्य म्हणून तिला निवडलं, तेव्हा ती 87 वर्षांची होती.

मग दार बंद झालं कधी? इतिहासकार ख्रिस्तोफर मॅकेना म्हणतो की 1930 च्या दशकातल्या अमेरिकन बँकिंग कायद्यांमुळे बँकांना हे सल्ल्याचं काम सोडावं लागलं आणि ती जागा कन्सल्टिंग कंपन्यांनी घेतली. त्यातली मॅकिन्झी स्थापन केली होती हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने. 1933 मध्ये तिथे आलेला मार्विन बोवर मुळात वकील, जोडीला हार्वर्डचा एमबीए. कंपनी वकिलांच्या फर्मसारखी दिसावी, यावर त्याचा भर. (माणसांनी हॅट घालावी इथपर्यंत!) 1950 च्या दशकात या कंपनीने अनुभवी मॅनेजर शोधण्याऐवजी थेट हार्वर्डमधून ताजे एमबीए घ्यायला सुरुवात केली. 1961 मध्ये अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्याच सहकार्याने उभं राहिलं, तेव्हा हा साचा आपल्याकडेही आला. म्हणजे ज्याला आपण ‘नेहमीचा मार्ग’ म्हणतो, तो फार तर सत्तर वर्षांचा आहे.

आता या कंपन्या डॉक्टर, वकील, पीएचडीवाले घेतात, पण पाटी बहुतेक वेळा मोठ्या संस्थेचीच लागते. त्यामुळे मी उगाच हुरळून जात नाही. एवढंच केलं की सुट्ट्यांमध्ये अण्णांबरोबर साइटवर केलेलं काम, जे मी सीव्हीत कधी लिहिलं नव्हतं, ते वर घेतलं: दिवसाला किती विटा, काम कुठे अडायचं, कशामुळे. गेल्या महिन्यात एका छोट्या फर्ममधल्या बाईंनी बाकी सगळं सोडून वीस मिनिटं त्यावरच प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न अण्णांचाच होता: वाचलेला वेळ कुणाला मिळाला? निकाल अजून यायचा आहे.